जांभळीची तब्येत

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

जांभळी तपकिरी पडते आहे. आज खात्री झाली.

आमची ही जाऊन सात महिने झाले. हॉस्पिटलात नेताना दारातून मागे वळून हिने सांगितलं होतं की जांभळीला सांभाळा. जांभळी म्हणजे हिच्या माशांच्या टँकमधलं कोरल, जिवंत प्रवाळ. आणलं तेव्हा करंगळीच्या नखाएवढं होतं. नऊ वर्षांत फांद्या फुटून झुडूप झालं, दोन्ही ओंजळींत मावणार नाही एवढं. मीठ कालवून समुद्राचं पाणी घरीच करायचं, वर दिवा, आत पंप, आणि मधोमध हे जिवंत झुडूप. रंग जांभळा म्हणून नाव जांभळी. आता रंग उतरला. चहाच्या गाळासारखी दिसते.

हिच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची. आजपासून रोज नोंद. आजार शोधून काढणार. पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाउसला एकतीस वर्षं पाणी तपासलं आहे. शिक्षण सातवी, पण पाण्याच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्मायचा आहे.

३ मार्च, संध्याकाळ

हिच्या नोंदी चाळल्या. निराशा झाली. निम्म्या तारखांना एकच ओळ. ‘आज काही केलं नाही. बरी आहे.’ ही काय नोंद झाली? आमच्या साहेबांनी असलं रजिस्टर तोंडावर फेकलं असतं.

४ मार्च, मंगळवार

पाणी तपासलं. हिचाच संच. छोट्या बाटलीत टँकचं पाणी घ्यायचं, एका औषधाने ते निळं होतं, मग दुसऱ्या औषधाचे थेंब मोजत टाकायचे, पिवळं झालं की थांबायचं. जितके थेंब तितका पाण्यातला क्षार. हिच्या वहीत कायम आठ. माझं सहाव्या थेंबालाच पिवळं झालं.

सापडलं. क्षार कमी. क्षाराची पूड एक चमचा टाकली.

आजार इतका सोपा निघेल असं वाटलं नव्हतं. दुपारचं काय करायचं ते कळेना. टँकसमोर बसलो. पंपाचा आवाज येत होता.

६ मार्च, गुरुवार

सूनबाई शाळेच्या ऑफिसात कामाला जाते. घाईत होती, तरी तिला थांबवून जांभळी दाखवली. म्हणाली, मला तर जांभळीच दिसते, बाबा. पोर चांगली आहे, म्हाताऱ्याचं मन राखते. पण मन राखून कोरल जगत नाही.

जाता जाता तिने माझ्या पायांकडे पाहिलं. एक मोजा काळा, एक निळा म्हणे. धुण्याची पावडर बदला म्हणून मी दोनदा सांगितलं आहे.

९ मार्च, रविवार

मीठवाल्याकडे गेलो. टँकचं मीठ, औषधं, मासे सगळं त्याच्या दुकानातून. मीठवाला हे नाव हिने पाडलेलं. त्याचं म्हणणं, काका, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मग दोन आठवडे हात खिशात ठेवा. मी मान हलवली. माणूस वाईट नाही, पण दुकानातल्या माणसाला घाई नसते. जांभळी त्याच्या घरची नाही.

येताना अंधारलं. हल्ली गाड्यांना काय दिवे लावतात. प्रत्येक दिव्याभोवती काटेरी गोल. रस्ता ओलांडताना थांबावं लागलं. कोणीतरी हात धरून पलीकडे नेलं. मी मागितला नव्हता.

निर्धार : दोन आठवडे फक्त पूड. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही.

११ मार्च, मंगळवार

दिव्याला दोन बटणं आहेत. एक पांढऱ्या उजेडाचं, एक निळ्या. निळा उजेड म्हणजे कोरलचं जेवण. आज नीट निरखून पाहिलं तर निळा जवळजवळ नाहीच. दिवा म्हातारा झाला. हिने चाळीसवर पेनाची खूण केली होती. मी सत्तरवर केला.

याला बदल म्हणता येणार नाही. पूर्वी होतं तिथे परत आणलं, एवढंच.

१५ मार्च, शनिवार

नातीने टँकचं चित्र काढलं. सहा वर्षांची आहे. जांभळीला जांभळा खडू मारला. म्हटलं, खडू चुकला, तपकिरी घे. ती म्हणाली, आजोबा, बघून काढलंय. मी पुन्हा पाहिलं. तपकिरी.

शाळेत हल्ली रंग शिकवत नाहीत. सूनबाईला सांगितलं. ती शाळेच्या ऑफिसातच आहे, तिथे बोलू शकते. बोलणार नाही.

पाणी : सहा. पूड दोन चमचे.

१८ मार्च, मंगळवार

आता निळ्या माशावर संशय आहे. हिने तीन वर्षांपूर्वी आणलेला. निळा नुसता नावाला, हल्ली काळपट पडला आहे. दिवसभर जांभळीभोवती फिरतो. चोच मारताना पाहिला नाही. पण मी सारखा कुठे बसलेला असतो?

सारखा बसलेलाच असतो. तरी.

२० मार्च, गुरुवार

मासा पिशवीत घालून मीठवाल्याला देऊन आलो. काळा पडलाय, तोच रोग जांभळीला लागला, असं सांगितलं. त्याने पिशवी उजेडात धरली. म्हणाला, काका, हा ठणठणीत आहे. मी म्हटलं, असू दे, तुझ्याकडेच राहू दे. त्याने विचारलं, बाईंचा ना हा? मी हो म्हटलं. त्याने पिशवी टेबलावर ठेवली आणि बराच वेळ दुसरंच काहीतरी आवरत राहिला.

रात्रीचं जेवण : ब्रेड, चहा. चव नव्हती. दूध पिवळट होतं. दूधवाला बदलायला हवा.

२४ मार्च, सोमवार

दोन आठवडे केव्हाच झाले. निळा दिवा शंभरावर. सूनबाई म्हणाली, बाबा, खोलीत बसवत नाही, डोळे दुखतात. तिला म्हटलं, मला बघ, मी दिवसभर बसतो, मला काही होत नाही. ती म्हणाली, तेच तर म्हणते मी.

काय म्हणते ते सांगितलं नाही.

२६ मार्च, बुधवार

जुन्या फिल्टर हाउसला फोन केला. पाण्यात काही फेरफार केला का विचारायला. नवा इंजिनिअर होता. म्हणाला, आजोबा, आता तपासणी मशीन करतं. मी त्याला सांगितलं की क्लोरीनच्या पिवळ्या रंगाच्या नऊ छटा असत, आणि मी रंगांची पट्टी शेजारी न लावता त्या ओळखायचो. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे, मला बाटली दाखवायचे, मी आकडा सांगायचो. एकदाही चुकलो नाही. तो हं हं म्हणाला. मशीनला डोळा नसतो, हेही सांगितलं. फोन बंद झाला होता.

२९ मार्च, शनिवार. दुपारी १२.१५

आठ.

पुन्हा तपासलं. आठ. हिच्या वहीत आठ, माझ्या वहीत आठ. वही उलटी सुलटी करून दोन्ही आकडे शेजारी शेजारी पाहिले. एवढं व्हायला तीन आठवडे लागले. तरी थोडी पूड टाकली. पाणी काठावर ठेवायचं नसतं.

हे कोणाला सांगावं असं वाटलं. घरात कोणी नव्हतं. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीवर गावोगाव असतो, त्याला फोन लावला. म्हणाला, बरं झालं बाबा. मागे लिफ्टचा दरवाजा वाजत होता.

२ एप्रिल, बुधवार

हिच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, आणखी काही उपाय मिळतो का पाहायला. कोरलच्या वहीत नको ते भरलं आहे. ‘यांचे डोळे दाखवायचे.’ पुढच्या महिन्यात, ‘यांचे डोळे. उद्या म्हणतात.’ मग, ‘यांनी मिठाचं पाणी समजून साधं ओतलं. दिसत नाही म्हणत नाहीत. डोळे दाखवायचेच.’ असं अकरा वेळा. मोजलं.

शेवटची ऑगस्टातली. हॉस्पिटलच्या आदल्या दिवशीची. ‘जांभळी बरी आहे. यांचे डोळे राहिले.’

तपासणीच्या वहीत घरगुती गोष्टी लिहू नयेत. वही खराब होते.

७ एप्रिल, सोमवार

जांभळीच्या टोकांना फिकट रंग दिसतो आहे. टोकं फिकट म्हणजे नवी वाढ. हे मला हिनेच शिकवलं होतं. सगळ्या फांद्यांना एकदम. उपाय लागू पडला.

नातीला दाखवलं. ती म्हणाली, पांढरं झालंय, आजोबा. म्हटलं, हो, बाळ वाढतं आहे. तिने नवीन चित्र काढलं. यावेळी खडू मारला नाही, कागद तसाच सोडला.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळ

वाढ खालीही उतरते आहे. झपाट्याने.

दुपार

पाण्यात साय तरंगते तसं काहीतरी. चमच्याने काढलं. जांभळीला चिकटलं होतं, ओढलं तर अलगद आलं. जुनी कातडी टाकत असावी.

संध्याकाळ

कातडी टाकण्याचं हिच्या वहीत कुठेच नाही.

१३ एप्रिल, रविवार

सूनबाईने मला न विचारता मीठवाल्याला घरी बोलावलं. तो आला, कोपरापर्यंत हात धुतले, टँकसमोर उकिडवा बसला. एकेक फांदी निरखली. मग निळा दिवा एवढा कोणी केला विचारलं. मी म्हटलं, होता तिथे आणला. त्याने तो खाली आणून हिच्या खुणेवर ठेवला. मला खोलीत काही फरक जाणवला नाही. सूनबाईने डोळ्यांवरचा हात काढला.

पाणी तपासायला त्याने स्वतःचा संच काढला, नवा, माझ्यासमोर सील तोडून. मी म्हटलं, मीच करतो, एकतीस वर्षं केलं आहे. तो म्हणाला, बरं काका, मी थेंब टाकतो, पिवळं झालं की तुम्ही थांब म्हणा.

आठव्या थेंबाला मी थांब म्हटलं. तो थांबला. त्याने सूनबाईकडे पाहिलं.

‘काका, हे अजून निळं आहे.’

मी नातीला बोलावलं. म्हटलं, हिला विचारा, ही माझं मन राखत नाही. ती बाटलीला नाक लावून उभी राहिली.

‘निळं आहे, आजोबा. तुमच्या त्या एका मोज्यासारखं.’

तो टाकत गेला. नऊ. दहा. अकरा. चौदाव्या थेंबाला तिघंही एकदम हो म्हणाले. मला आठ आणि चौदा सारखेच दिसत होते.

मग त्याने जपून सांगितलं. चौदा म्हणजे पाण्यात क्षार फार झाला, त्यात दिव्याने भाजली. पहिल्या दिवशी मी सहा लिहिलं तेव्हा पाणी चांगलंच असणार, आठच असणार. रंगही उतरला नसणार. बाईंची जांभळी बहुतेक आजारी नव्हतीच काका, असं म्हणाला. मी म्हटलं, तपकिरी होती. तो म्हणाला, हो.

बुंध्याशी बटणाएवढा रंग दिसतो, तिथे जीव असेल तर येईल. महिना दीड महिना हात घालायचा नाही. चहा न घेता गेला.

१४ एप्रिल, सोमवार

आठ आणि चौदा. सरासरी अकरा. अकरा इतकं वाईट नाही. आमच्याकडे दोघांचे आकडे जुळले नाहीत की साहेब सरासरीच मान्य करायचे.

शिवाय तिघांनी मिळून पाहिलं. गर्दीत माणूस हो म्हणून जातो.

तपासायला हात गेला होता. बाटली परत ठेवली.

२१ एप्रिल, सोमवार

सूनबाईने रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वर्षं अंगावर काढलात? मी सांगितलं, मला दिसतं. त्या म्हणाल्या, दिसतं हो, पण चहातून पाहावं तसं. निळा, जांभळा हे रंग आधी जातात, आणि हळूहळू जातात, म्हणून माणसाला वाटतं जगच पिवळं पडलं.

मी विचारलं, म्हणजे घराच्या भिंती पिवळ्या पडल्या नाहीत? भिंती पांढऱ्या असतील आजोबा, म्हणाल्या.

दूधवाला बदलला आहे. आता जुन्याला परत काय सांगायचं?

२२ एप्रिल, मंगळवार

हिने दारात सांगितलं ते वाक्य पूर्ण असं होतं. जांभळीला सांभाळा, पण फार हात घालू नका. पहिल्या पानावर अर्धंच लिहिलं गेलं. घाईत.

५ मे, सोमवार

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. दुखलं नाही. मुलगा आला होता. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भीती वाटते का? मी नाही म्हटलं. खरंच वाटत नव्हती. हल्ली काही वाटायचं झालं तर जरा उशिरा वाटतं.

६ मे, मंगळवार

पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंच्या अंगात निळे कपडे. भिंत पांढरी. पेपर पांढरा. घरी दूध पांढरं. माझे मोजे काळे आणि निळे. सूनबाईचे केस कानापाशी पांढरे झाले आहेत.

धुळीपासून जपा म्हणून सांगितलं आहे, त्यामुळे बाहेरच्या खोलीत गेलो नाही. टँक बाहेरच्या खोलीत आहे.

९ मे, शुक्रवार

धुळीचं कारण अजून आहे. जेवण आतच.

नात दारातून विचारते, आजोबा, डोळा बरा झाला का? हो म्हटलं. मग बाहेर या ना. उद्या म्हटलं.

१२ मे, सोमवार. सकाळी ६.४०

पाहिली.

पांढरी. फांद्या सगळ्या जागच्या जागी आहेत. एकही मोडलेली नाही. बाटलीतल्या पाण्याची छटा मी लांबून सांगायचो, तसं हेही दारातूनच दिसलं. पट्टी लावायची गरज नव्हती.

बसलो. पंपाचा आवाज येत होता. नातीचं पहिलं चित्र टँकच्या बाजूला चिकटवलेलं होतं, मार्चपासून तिथेच आहे. खडू बरोबर होता.

१८ मे, रविवार

मीठवाल्याकडे मीठ आणायला गेलो. हात घालायचा नाही, पण मीठ घरात असावं. दुकानात एका टँकमध्ये असा निळा मासा होता की मी पाहतच राहिलो. एवढा निळा जन्मात पाहिला नव्हता. विचारलं, हा कुठला? नवीन का?

‘काका, हा तुमचाच.’

मी म्हटलं, छान ठेवला आहेस. तो म्हणाला, मी काही केलं नाही, असाच होता. न्यायचा का, जागा रिकामी आहे तुमची. मी म्हटलं, बघू. मीठ घेतलं. रस्ता एकट्याने ओलांडला. घरी पोचल्यावर लक्षात आलं की मिठाची पिशवी दुकानातच राहिली.

२ जून, सोमवार. सकाळी ६.४०

उद्या डाव्या डोळ्याची तारीख होती. मी पुढे ढकलली. सूनबाईला म्हटलं, थोडी थंडी पडू दे. तिने रजेचा अर्ज माझ्यासमोर घडी घालून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, तुम्हाला उद्या म्हणायची सवयच आहे, बाबा. आई म्हणायच्या.

जांभळीच्या बुंध्याशी बटणाएवढा रंग होता, त्याला आज सात आठवडे झाले. उजव्या डोळ्याने पाहिलं. हिरवा आहे. शेवाळ. फांद्यांवरही धरू लागलं आहे.

उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्याने पाहिलं. सगळी एका रंगाची, चहाच्या गाळासारखी. मार्चात होती तशीच. जरा वेळ तसाच बसलो.

आज काही केलं नाही. बरी आहे.